खंडूतात्यांची कबुली

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यांचं नाव खंडू बाळा जाधव. पिंपरी गावचे शेतकरी, आणि नंतर आमच्या कारखान्यात भट्टीवर कोळसा घालणाऱ्या टोळीचे मुकादम. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. मी बी. ए. होतो, आमच्या घराण्यातला पहिला. नोकरशाहीत मला पुढे जे काही चांगलं करता आलं, ते या माणसामुळे. आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी ज्यांचं वाईट माझ्या हातून झालं, तेही हेच.

मी मूळचा बार्शीजवळच्या वैरागचा. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. शाळा वैराग-बार्शीत झाली, कॉलेज पुण्यात, एका छापखान्यात मुद्रितं वाचून. एकोणीसशे पन्नासच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या बाजूला कारखाने उभे राहायला लागले होते. त्यात एक सरकारी होता. सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या काचेच्या बाटल्या आणि नळ्या तिथं तयार होत. त्याचं नाव इथं देत नाही. तिथं आस्थापना विभागात मला कारकुनाची जागा मिळाली.

आस्थापना म्हणजे काय, हे मला माझ्या आईला कधीच नीट सांगता आलं नाही. लोकांना वाटे, आम्ही नोकऱ्या देतो. नोकऱ्या देणारे वेगळे होते. आम्ही माणसाचा कागद करायचो. माणूस फाटकातून आत आला की त्याचं एक पान उघडायचं. नाव, गाव, वय, उंची, अंगावरची ओळखीची खूण. पुढे तो कधी आजारी पडला, कधी रजेवर गेला, कधी वरच्या जागेवर चढला, सगळं त्या पानावर. शेवटी एक रकाना असे: सेवा संपल्याचं कारण.

वय लिहिणं हे मोठं काम होतं. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसे. एक जण सांगायचा, मानमोडीच्या तापाच्या साथीत मी रांगत होतो. दुसरा सांगायचा, मागल्या पाटलाचं लगीन झालं तवा मी गुरं राखीत हुतो. मग मागल्या पाटलाचं लग्न कधी झालं, याची चौकशी मला करावी लागे. ओळखीच्या खुणेचंही तसंच. तीळ, व्रण, डाग, काहीतरी हवंच, रकाना रिकामा ठेवायची परवानगी नव्हती. एका धट्ट्याकट्ट्या गड्याच्या अंगावर काहीच सापडेना. मी निराश झालेला पाहून तो म्हणाला, "मास्तर, अशी अडचण हाय तर इळ्यानं एक करून आणू का?"

मला मास्तर म्हणायला सुरुवात खंडूतात्यांनी केली होती. मी नोकरीवर रुजू झालो तेव्हा राहायला जागा नव्हती. गावात खोल्या भाड्यानं द्यायची पद्धत तेव्हा नव्हती, आणि परक्या तरण्या माणसाला घरात कोण घेणार. पहिल्याच आठवड्यात, भरतीच्या रांगेत तात्या माझ्यासमोर आले. पन्नाशीच्या आसपासचा उंच माणूस, डोक्याला पागोटं. त्यांची जमीन कारखान्यात गेली होती. वय सांगताना म्हणाले, पलेगात गाव माळावर राह्यला गेलं तवा मी झोळीत हुतो. मी हिशेब करत बसलो तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, कुठं राहतोस. मी म्हटलं, पुण्याहून येतो-जातो. म्हणाले, "खोली न्हाई, पडवी हाय. जमीन गेली तशी जनावरं बी गेली. जागा मोकळीच हाय."

त्या पडवीत मी दीड वर्ष राहिलो. भाड्याचं नाव काढलं की ते उठून जात. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. सकाळी माझ्या डब्यात दोन भाकऱ्या आपोआप पडायच्या. मी मास्तर नाही, कारकून आहे, हे मी अनेकदा सांगून पाहिलं. तात्यांचं उत्तर ठरलेलं असे, लिवतोस, वाचतोस, म्हंजी मास्तर.

आता कामाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काचेच्या कारखान्यात दोन प्रकारच्या भट्ट्या असतात. मोठ्या भट्टीत काच वितळते. ही कधीच विझू द्यायची नसते, कारण आतली काच गोठली तर भट्टीच फोडावी लागते. दुसरी लांबलचक, बोगद्यासारखी. तयार झालेली गरम बाटली तिच्यातून हळूहळू पुढे सरकते आणि सावकाश निवते. ती घाईनं निवली तर तडकते. दोन्हींना कोळसा लागतो. सहा माणसांची टोळी एका पाळीला दोन्ही भट्ट्या सांभाळायची. सकाळी सात ते दुपारी तीन या पाळीच्या टोळीचे मुकादम खंडूतात्या होते.

पाळ्यांच्या याद्या मी करायचो. त्या करताना मी एक गोष्ट केली, आणि तिचा मला फार अभिमान होता. एका गावची माणसं मी एका पाळीत घातली. ती बरोबर चालत येत, बरोबर जात, एकमेकांच्या घरचं एकमेकांना ठाऊक. हजेरी सुधारली. साहेबांनी शेरा दिला, उत्तम. यात काय चूक आहे, हे मला चैत्रात कळलं.

चैत्रात पिंपरी गावची भैरवनाथाची जत्रा आली. त्या वर्षी मुख्य दिवस रविवार होता. ऑफिस बंद, पण भट्टीला रविवार नसतो. मी सुटीवर असल्यामुळे घरीच होतो. मावशींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. एकच्या सुमाराला अंगणात पंगत बसली. पाहुणे, भावकी, शेजारी, तीस-पस्तीस पानं असतील. मी माझ्या पानावर बसलो आणि समोर पाहिलं तर तात्यांच्या टोळीतले पाचही जण ओळीत बसलेले. सकाळी सातला ते कामावर गेलेले मी स्वतः पाहिले होते.

त्यांतला एक माझ्याकडे पाहून हसला. म्हणाला, "मास्तर, तुमच्या वहीत आज आमी कामाव हाय बरं का." सगळी पंगत हसली. मीही हसलो. तो कोण होता, हे मी आजही लिहीत नाही, कारण पुढे कळेल.

तात्या मात्र पंगतीत नव्हते. मावशी वाढताना दोनदा दाराकडे पाहून आल्या. तात्यांचं पान त्यांनी केळीच्या दुसऱ्या पानानं झाकून ठेवलं होतं. जेवणानंतर गाड्यांच्या शर्यती होत्या, ते पाचही जण तिकडे गेले. तात्या चार वाजून गेल्यावर आले. तोंड, मान, हात सगळं कोळशानं काळं. आंघोळ न करताच ते ओसरीवर पाठ टेकून बसले आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले. मावशींनी विचारलं तेव्हा इतकंच म्हणाले, "धा वाजता पोरं नारळ फोडून येतो म्हनली. मी म्हनलं जा. शर्यत बघायला थांबली वाटतं."

सोमवारी सकाळी बाटल्या तडकू लागल्या. काच तडकते तेव्हा मोठा आवाज होत नाही. बोट मोडल्यासारखा होतो. बांधणीच्या खात्यातल्या बायका सांगायच्या, गवत भरलेल्या पेट्यांतून तो आवाज दिवसभर येत होता. लांब भट्टी रविवारी दुपारी थंड पडली होती आणि तिच्यातून बाहेर आलेला सगळा माल वाया गेला होता. रविवारच्या देखरेखीच्या साहेबांनी अहवाल दिला, मी फेरीला गेलो तेव्हा लांब भट्टीपाशी टोळीतलं कुणीही नव्हतं, मुकादमही नव्हता. ते खरं होतं. मुकादम तिथं नव्हता. तो कुठं होता, हे साहेबांनी मोठ्या भट्टीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन पाहिलं नव्हतं.

कामावर येताना प्रत्येकानं आपला नंबराचा बिल्ला फाटकावरच्या हजेरीच्या पेटीत टाकायचा असे. सहाच्या सहा बिल्ले पेटीत होते, त्यामुळे गैरहजर कोण हे कागदावरून कळेना. टोळीतल्या प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकानं सांगितलं, मुकादमाला इचारा. मग आरोपपत्र मुकादमावर निघालं: कामाची जागा विनापरवाना सोडली आणि सरकारी मालाचं नुकसान केलं.

चौकशी आमच्याच खोलीत झाली. चौकशी अधिकारी कामगार अधिकारी नाडगौडा साहेब. ते मितभाषी आणि कायद्याला धरून चालणारे होते. जबाब लिहून घ्यायला मी. तात्या पायताण दाराबाहेर काढून आत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. साहेबांनी आरोप वाचला आणि विचारलं, मान्य आहे का.

तात्या म्हणाले, "व्हय. चूक झाली. टोळी माझी, मी थोरला. काय शिक्षा करायची ती करा आन् पदरात घ्या."

माझ्या गावातही असंच बोलतात. भांडण झालं, बांध कुणी सरकवला, कुणाचं जनावर कुणाच्या पिकात शिरलं, की चार माणसं देवळापुढे बसतात. थोरला उभा राहतो आणि सगळ्यांची चूक आपल्या अंगावर घेतो. तो वाकला की समोरच्यालाही वाकावं लागतं. देवाला नारळ, सगळ्यांना चहा, आणि विषय मिटला. खोदून कुणी विचारत नाही, कारण खोदलं तर मिटत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. खोलीत आम्ही तिघं होतो, आणि तात्या काय बोलताहेत हे कळणारा मी एकटा होतो.

मी लिहिलं: आरोप पूर्णपणे मान्य. खुलासा नाही.

साहेबांनी पुन्हा विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मास्तरानं लिवलं न्हवं? मग झालं." आणि पुढे येऊन अंगठा उठवला. शाई पुसायला मी त्यांना टिपकागद दिला. मला त्या वेळी एकच गोष्ट सुचत होती, मी प्रोबेशनवर आहे, आणि कामावर असायला हवीत ती पाच माणसं जेवताना पाहून मी पंगतीत हसलो होतो.

तात्या मोकळ्या मनानं भट्टीवर परत गेले. त्यांच्या लेखी विषय मिटला होता. पाचव्या दिवशी हुकूम आला, सेवेतून बडतर्फ. त्याची एक प्रत, नियमाप्रमाणे, फाटकावरच्या फळीवर लावली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ज्यांना येत नव्हतं त्यांना वाचून दाखवली. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या गावानं ऐकली.

घरी गेलो तेव्हा तात्या पडवीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मला बडतर्फ म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं.

"कामावरनं काढलं?"

"हो."

"पण मी कबूल केलं की."

"कबूल केलं म्हणूनच, तात्या."

ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच ते समजत नव्हतं. शेवटी म्हणाले, "कबूल न्हाई करत त्येला ठिवायचं, आन् करतो त्येला काढायचं. ह्यो कुठला न्याय, मास्तर?"

मी त्यांना सांगितलं की अपील करता येतं, आणि मी सांगतो की त्या दिवशी तुम्ही गावात नव्हता, मी पंगतीत होतो, मला माहीत आहे. तेव्हा मात्र त्यांचा आवाज बदलला. "आन् कोण हुतं ते बी सांगशील? पाच घरं हाईत ती. जमिनी त्यांच्या बी गेल्यात. माझ्या अंगणात कोण जेवलं, ह्ये जेवणाऱ्यानं सरकारात जाऊन सांगायचं न्हाई." एवढं बोलून ते आत गेले.

मी गप्प बसलो. तात्यांनी मनाई केली आहे, हे कारण मला फार सोयीचं झालं. तसा मी अकरा दिवस गप्प होतो. त्या अकरा दिवसांत माझ्या डब्यात दोन भाकऱ्या रोज पडत होत्या. तात्या सकाळी सवयीनं साडेसहाला उठत, पागोटं बांधत, आणि मग ते सोडून ठेवत. टोळीतले पाच जण घरावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघून जात. त्यांतला एक माझ्याकडे ऑफिसात येऊन खिडकीशी उभा राहिला, मी वर पाहिल्यावर निघून गेला.

बाराव्या दिवशी तात्यांच्या सेवापुस्तकाचं पान माझ्या टेबलावर आलं. ते बंद करायचं होतं. पहिल्या ओळी माझ्याच अक्षरातल्या होत्या, वय अंदाजे पन्नास, डाव्या भुवईवर व्रण. शेवटचा रकाना रिकामा होता: सेवा संपल्याचं कारण. तिथं मला लिहायचं होतं, कामाची जागा सोडून गेल्याबद्दल. मी पेन उचललं, आणि ते वाक्य माझ्यानं लिहवेना. आरोप मान्य, हे मी लिहू शकलो होतो, कारण ते तात्यांनी म्हटलं होतं. हे कुणीच म्हटलेलं नव्हतं. हे मी माझ्या पदरचं लिहिणार होतो, आणि ते खोटं होतं.

मी दुसरा कागद घेतला आणि नाडगौडा साहेबांना उद्देशून चार ओळी लिहिल्या. त्या दिवशी एक ते चार या वेळात मी खंडू जाधव यांच्या घरी होतो. ते घरी नव्हते. त्यांचं जेवणाचं पान झाकून ठेवलेलं होतं. ते चारनंतर कोळशानं माखलेले आले. हे मला चौकशीच्या वेळी माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घरी जेवण होतं म्हणता. मग टोळीतले बाकीचे तिथं असणार."

"पंगत मोठी होती साहेब. मी खाली मान घालून जेवलो."

"पदवीधर माणूस इतका खाली मान घालून जेवतो?"

"आमच्याकडे तसंच शिकवतात."

ते हसतील असं मला क्षणभर वाटलं. हसले नाहीत. "चौकशीत का बोलला नाहीत?"

"प्रोबेशनवर होतो."

"आज नाही आहात का?"

मग मी त्यांना गावकीची रीत सांगितली, थोरल्यानं चूक अंगावर घेण्याची. पाळीची यादी मी एका गावची केली होती, त्यामुळे एका जत्रेनं सगळी टोळी उठली, ही माझी चूक आहे, हेही सांगितलं. ते ऐकत राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, "रीत मला कागदावर मांडता येणार नाही. तुम्ही तो घरी नव्हता म्हणता. पण तो भट्टीवर होता, हे कशावरून? मोठ्या भट्टीचं रजिस्टर आणा."

मोठ्या भट्टीची उष्णता दर तासाला लिहिली जायची. ते काम प्रयोगशाळेतल्या माणसाचं असे, तो वरच्या खिडकीतून काटा पाहून आकडा लिहायचा. त्या रविवारच्या पानावर सकाळपासून तीनपर्यंत आकडा एकदाही खाली गेलेला नव्हता. म्हणजे कुणीतरी तिला सतत कोळसा घालत होतं, आणि कोळशानं माखून घरी आले होते ते तात्या. सहा माणसांच्या कामापैकी एकट्या माणसाला जमेल तेवढंच तात्यांनी निवडलं होतं. दोन भट्ट्या एकट्यानं सांभाळता येत नाहीत. बाटल्या गेल्या तर पुन्हा होतात, मोठी भट्टी गेली तर कारखाना सहा महिने बंद. त्यांनी लांब भट्टी सोडली आणि पाच तास मोठीला कोळसा घातला. इंजिनियर माणसानंही तेच केलं असतं.

साहेब स्वतः कागद घेऊन जनरल मॅनेजरांकडे गेले. आठ दिवसांनी बडतर्फी रद्द झाली. माणसं सोडल्याबद्दल तात्यांना लेखी ताकीद मिळाली, तीही योग्यच होती. बाकीच्या पाच जणांची नावं कुणी लिहून दिली नव्हती, म्हणून त्यांच्यावर काही निघालं नाही. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं आणि माझ्या गोपनीय अहवालात एक वाईट शेरा गेला. पाळीच्या याद्या मला सगळ्या नव्यानं कराव्या लागल्या. या वेळी मी आधी आसपासच्या गावांच्या जत्रांचा तक्ता केला, चाकणपासून भोसरीपर्यंत, आणि कुठलीही दोन-तीन माणसं एका दिवशी एका देवाला जाणार नाहीत अशा टोळ्या पाडल्या. तो तक्ता मी तिथं असेपर्यंत भिंतीवर होता. कागद घेऊन निघताना नाडगौडा साहेब एवढंच म्हणाले होते, "यापुढे कबुली लिहिताना, काय कबूल, तेही लिहीत जा."

मी पुढे स्वतः कामगार अधिकारी झालो, दोन सरकारी कारखान्यांत मिळून तीस वर्षं चौकशा केल्या. नवे अधिकारी आरोपी कबूल झाला की खूश होतात, काम अर्ध्या तासात संपतं. मला कबुलीची भीती वाटायची. कुणी व्हय म्हणाला की मी पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, त्या वेळी तुम्ही नेमके कुठं होता, तुमच्याबरोबर कोण हे मला सांगू नका, तुमचं सांगा. आणि हे कबूल केलं तर काय होऊ शकतं हे तुम्हाला कुणी सांगितलंय का. कितीतरी कबुल्या या दोन प्रश्नांत विरघळून गेल्या. काही पक्क्याही झाल्या, ते वेगळं. खाजगी कारखान्यात मालक दिसतो. तो शिव्या देतो, हाकलतो, आणि दुसऱ्या दिवशी गरज पडली की बोलावून घेतो. सरकारी कारखान्यात मालक दिसत नाही. तिथं जो लिहितो, त्याच्या हातात तेवढ्यापुरता मालक असतो. हे ज्यांना लिहिताना आठवत नाही त्यांनी या खात्यात येऊ नये, असं मी सगळ्या नव्या मुलामुलींना सांगत आलो.

तात्या परत आले. टोळी मोडली होती, नव्या माणसांवर ते मुकादम झाले आणि पुढे नऊ-दहा वर्षं त्यांनी काम केलं. पण पहिल्या दिवशी फाटकात भेटले तेव्हा मला म्हणाले, "रामराम साहेब." मला वाटलं, चेष्टा. चेष्टा नव्हती. त्यानंतर ते मला मास्तर कधीच म्हणाले नाहीत. तू-चं तुमी झालं. पडवीतून निघून जा असं कुणी म्हटलं नाही, पण अंगणात मी आलो की बोलणं बदलायला लागलं. माझ्या अंगणातलं सरकारात सांगू नको, असं त्यांनी म्हटलं होतं, आणि मी थोडं का होईना, सांगितलं होतं. नाव कुणाचंही घेतलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी लिहिणाऱ्या माणसाला घरात ठेवणं म्हणजे काय, हे त्या घराला कळून चुकलं होतं. सहा महिन्यांनी मी चिंचवडला खोली घेतली. मावशींनी डबा भरून दिला. तात्या माझी ट्रंक डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आले, मी नको नको म्हणत असताना.

बडतर्फी रद्द झाल्याचा हुकूम इंग्रजीत होता, दोन ओळींचा, आणि तो फाटकावर लावायचा नियम नव्हता. काढल्याचं सगळ्या गावाला कळवायचं आणि घेतल्याचं एकट्याला, अशी ती पद्धत होती. मी साहेबांना विचारलं, सोबत मराठीत पत्र पाठवू का. ते म्हणाले, तुमच्या सहीनं पाठवा, कारखान्याच्या नाही. मी त्याच घराच्या पडवीत राहत होतो, तरी पत्र टपालानं पाठवलं. तोंडानं सांगितलं असतं तर ते आमच्या दोघांत राहिलं असतं. टपालाचं पत्र चावडीवर शाळेच्या गुरुजींकडून वाचून घेतलं जाई, आणि ते ऐकायला माणसं जमत. मला तेच हवं होतं. वाचन झालं तेव्हा मी ऑफिसात होतो. मुद्दाम.

त्या पत्राची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. ती अशी:

श्री. खंडू बाळा जाधव यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचणाऱ्यांनी कृपा करून मोठ्याने वाचावे.

आपल्याला कामावरून काढल्याचा जो कागद फाटकावर लागला होता, तो कारखान्याने रद्द केला आहे. आपण सोमवारी सकाळी सात वाजता आपल्या मुकादमाच्या जागी हजर व्हावे. सोबतच्या इंग्रजी हुकुमात एवढेच लिहिले आहे. पुढचे मी लिहितो आहे.

जत्रेच्या दिवशी आपण कामाची जागा सोडली नव्हती. सात ते तीन आपण मोठ्या भट्टीवर होता आणि निम्म्याहून अधिक वेळ एकटे होता. आपण तिला कोळसा घातला नसता तर कारखाना बंद पडला असता आणि आज या गावातल्या पुष्कळ घरांत चूल पेटणे अवघड झाले असते. हे कारखान्याच्या रजिस्टरात लिहिलेले आहे. कोणाला पाहायचे असेल तर मी दाखवीन.

फाटकावरचा कागद माझ्या लिखाणावरून निघाला होता. आपण जे बोललात त्याचा अर्थ मला कळला होता. मी तो लिहिला नाही. खरे काय घडले ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि तो कागद लागल्यावरही मी अकरा दिवस कोणाला सांगितले नाही. आपण मनाई केली होती म्हणून नाही. मला माझ्या नोकरीची भीती वाटली म्हणून.

आपण घातलेली मनाई मी अर्धी मोडली आहे. अर्धी पाळली आहे आणि पाळीन.

या सर्व दिवसांत मावशींनी मला एकदाही विचारले नाही की मी चौकशीत काय लिहिले. त्या मला रोज जेवायला वाढत राहिल्या. म्हणून विनंती की हे पत्र चावडीवर वाचून झाल्यावर घरी न्यावे आणि गुरुजींनी ते त्यांना पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून दाखवावे. तेव्हा मी घरात असेन.

आपला,
वसंत